गाडीतल्या स्क्रीनला नवं सॉफ्टवेअर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बॅटरी आणि हॉर्न जवळजवळ नाहीतच. बहुतेकांनी गाडीतल्या टचस्क्रीनबद्दल विचारलंय, म्हणून सगळी जागा त्यालाच देते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी कॅसेट प्लेअर दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याच टेबलावर आता मी स्क्रीन उघडते. वडील हेड रंग उडेपर्यंत पुसून टेप वाचवायचे, तीच सवय मला लागली. गाडीबरोबर आलेली सिस्टीम शक्यतो फेकू नये, सुधारून वापरावी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आधी एक गोष्ट नीट कळायला हवी. स्क्रीनमागे तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, नकाशा वेगळा असतो आणि तुमचा फोन तिसराच. दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला, असं दुकानात रोज पाहते.

प्रश्न : आमची २०१८ची सेडान आहे, स्क्रीन कंपनीची. फोन केबलने जोडला की अँड्रॉइड ऑटो मध्येच बंद पडतं, गाणं थांबतं, नकाशा जातो. सर्व्हिस सेंटरला म्हणाले, सॉफ्टवेअर मारावं लागेल, आणि बरेच पैसे सांगितले. भाच्याने कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घातली, पण गाडी सांगते की अपडेट फाइलच नाही. हे घरी करणं सुरक्षित आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सुरक्षित आहे, पण आधी केबल बदला. खरंच सांगते. फोन चार्ज करणारी प्रत्येक केबल माहिती नीट वाहून नेते असं नाही. फोनच्या खाचेत खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसलेली असते, त्यामुळे खड्ड्यात गाडी आपटली की जोड सुटतो. लाकडी टूथपिकने हळूच साफ करा. मग फोनच्या कंपनीची किंवा चांगल्या दर्जाची आखूड केबल लावा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन जोडून चार दिवस गाडी चालवा. दुसऱ्या फोनला त्रास होत नसेल तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा जुन्या केबलमध्ये आहे. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली गाणी आणि नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं ॲप, फोनमध्ये राहतं आणि फोनच्या अपडेटबरोबर बदलतं, त्यामुळे काल चालणारी जोडी आज बिनसू शकते, यात गाडीची चूक नसते. दोन फोन आणि दोन केबली लावूनही तेच होत असेल, तरच सॉफ्टवेअरकडे वळा.

आता भाच्याच्या पेनड्राइव्हबद्दल. गाडीला फाइल दिसत नाही यामागे बहुतेक वेळा अगदी साधं कारण असतं. पहिलं, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. मोठे पेनड्राइव्ह दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात आणि त्या काळच्या कितीतरी स्क्रीन ते वाचतच नाहीत. सोळा किंवा बत्तीस जीबीचा घ्या. त्याहून मोठ्याला विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत फॅट३२चा पर्याय सहसा दिसत नाही. दुसरं, फाइलचं नाव. भाच्याने तीच फाइल दोनदा उतरवली असेल तर संगणक नावापुढे कंसात एक हा आकडा लावतो. गाडी ठरलेलं नाव शोधते, तिला हे नाव परकं वाटतं. नाव स्वतःहून बदलू नका. जुनी फाइल काढून पुन्हा उतरवा. तिसरं, फाइल फोल्डरच्या आत ठेवायची की बाहेर, झिप उघडायची की तशीच ठेवायची, हे कंपनीच्या सूचनेत लिहिलेलं असतं आणि प्रत्येकाची रीत निराळी. मॅकवरून कॉपी केलं असेल तर पेनड्राइव्हवर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पडतात, काही सिस्टीम त्यांच्यावर अडखळतात. आणि गाडीत यूएसबीच्या दोन जागा असतील तर एक फक्त चार्जिंगची असू शकते. मागच्या सीटजवळची तर बहुधा तशीच असते.

पेनड्राइव्ह लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीमची माहिती उघडा आणि त्या पानाचा फोटो काढा. तिथे सॉफ्टवेअरची आवृत्ती असते, शिवाय यंत्राचा भाग क्रमांकही सहसा असतो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत दोन वेगळ्या पुरवठादारांच्या स्क्रीन बसवलेल्या असू शकतात. बाहेरून ओळखू येत नाही, आतला बोर्ड वेगळा. साइटवरची फाइल तुमच्या भाग क्रमांकासाठी आहे ना, हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. शेजाऱ्याच्या गाडीला चालली म्हणून तुमच्या गाडीला चालेल असं धरू नका.

मग वीज. माझ्या टेबलावर मेलेल्या म्हणून ज्या स्क्रीन येतात, त्यात मध्येच वीज गेलेल्या बऱ्याच असतात. अपडेट चालू असताना जुनं सॉफ्टवेअर पुसून त्याच जागी नवं लिहिलं जातं. नव्या सिस्टीममध्ये दोन कप्पे असतात, एकावर लिहिताना दुसरा शाबूत राहतो आणि गडबड झाली तर त्यावरून स्क्रीन परत उठते. जुन्या सिस्टीममध्ये पुष्कळदा एकच कप्पा असतो. अर्धवट लिहिलं गेलं की उठायला काही उरत नाही. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि इंजिन चालू असलं की अल्टरनेटरमुळे १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. नुसत्या चावीवर ठेवलं तर अनेक गाड्या बॅटरी वाचवायला काही वेळाने स्क्रीनची वीज स्वतःच तोडतात. म्हणून कंपनीच्या सूचनेत उलट काही लिहिलेलं नसेल तर इंजिन चालू ठेवून करा. गाडी उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसी आणि हेडलाइट बंद करा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल तर तिचं बटण दाबून ती आधी बंद करा, हे लोक हमखास विसरतात.

मध्ये स्क्रीन काळी होईल, एकदोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होईल. घाबरून पेनड्राइव्ह ओढू नका, काम झाल्याचं स्क्रीन स्वतः सांगेपर्यंत हात लावू नका. झाल्यावर रेडिओची लावलेली स्टेशनं, आवाजाची बेस-ट्रेबल मांडणी आणि जोडलेले फोन पुसले गेलेले असू शकतात, तेव्हा तेही आधीच फोटो काढून ठेवा. फोन पुन्हा जोडताना फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही गाडीचं जुनं नाव काढून टाका. एकाच बाजूने काढलं तर दोघांची ओळख जमत नाही. शेवटी रिव्हर्स टाकून कॅमेरा आणि त्याच्या रेषा पाहा, स्टीअरिंगवरची बटणं दाबून पाहा.

पैशांचं म्हणाल तर, अँड्रॉइड ऑटो बंद पडणं हा ठाऊक असलेला दोष असेल आणि गाडी वॉरंटीत असेल, तर सुधारित सॉफ्टवेअर फुकट मागा. वॉरंटी संपली असेल तर मजुरी द्यावी लागेल, ती योग्यच आहे. पण जॉब कार्डवर आधीची आणि नंतरची आवृत्ती लिहून घ्या. ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलं हे बिलावर येतं, तसं हेही यायला हवं.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं, तरी समृद्धी महामार्गावर गाडीचा नकाशा आम्हाला शेतातून चाललेलं दाखवतो आणि ‘यू-टर्न घ्या’ म्हणत राहतो. आमच्या शहराचं नावही जुनंच. फसवलं का आम्हाला?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फसवलं नसावं. सॉफ्टवेअर आणि नकाशा यांचं अपडेट वेगवेगळं असतं. देवघर तेच राहतं, पंचांग मात्र नवं आणावं लागतं. तुमचं पंचांग जुनं आहे. नकाशाच्या पानावर त्याचं वर्ष किंवा तिमाही लिहिलेली असते, ती पाहा. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला. म्हणजे २०२३चा नकाशा असला तरी त्यात ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता नसणारच. मुंबईचा अटल सेतू जानेवारी २०२४चा. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवी रचना खुली झाली. जुन्या नकाशावर विसंबून तिथे गेलेला माणूस भलत्याच रॅम्पवर चढतो. तुमच्या शहराचं आणि धाराशिवचं नाव २०२३मध्ये बदललं, अहिल्यानगरचं २०२४मध्ये. नव्या नावाने पत्ता सापडला नाही तर तोवर जुन्या नावाने शोधा.

नकाशा कुठे आहे त्यावर पुढचं ठरतं. काही गाड्यांत तो एसडी कार्डवर असतो आणि ते कार्ड त्या यंत्राशी बांधलेलं असतं. मित्राच्या कार्डाची नक्कल करून घातली तर गाडी ती नाकारते, आणि मूळ कार्ड फॉरमॅट झालं तर नवं विकत घ्यावं लागतं. कार्ड कॅमेऱ्यात वगैरे घालू नका. काही गाड्यांत नकाशा आतल्या स्मृतीत असतो, तो संगणकावर मोठी फाइल उतरवून किंवा गाडीच्या स्वतःच्या सिमवरून नवा करता येतो. बऱ्याच कंपन्या पहिली काही वर्षं हे फुकट देतात. विकत घेतलेल्या दिवसाचे कागद काढून पाहा, कित्येकांचा हक्क न वापरता संपून जातो.

पैसे देऊन घ्यावा का? तुम्ही संभाजीनगर–पुणे–मुंबई असेच फिरत असाल तर माझ्या मते नको. फोनवर हवा तो भाग आधी उतरवून ठेवा, काम होतं. पण मेळघाट, गडचिरोली, कोकणातले आडवे घाट असं फिरणं असेल, जिथे रेंज जाते आणि तापलेला फोन बंद पडतो, तिथे गाडीचा नकाशा फार मोलाचा. त्याची अँटेना वेगळी असते आणि त्याला नेटवर्क लागत नाही. तोवर समृद्धीवर त्याचा आवाज बंद ठेवा. खोट्या सूचना ऐकत वेगात गाडी चालवणं धोक्याचं आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीतलं नेव्हिगेशन जागा बरोबर दाखवतं, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची. हाताने लावली तरी परत जाते. सेल गेला असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सेलचा दोष नाही. सेल गेला असता तर चावी बंद केल्यावर वेळ पुसली गेली असती. तुमच्या यंत्राची तारीख उपग्रहावरून येते आणि तिथेच गोम आहे. जीपीएस दिवस मोजत नाही, आठवडे मोजतं. ६ जानेवारी १९८०पासूनचे हे आठवडे मूळ संदेशात दहा बिटांत लिहिले जातात, त्यात ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. १०२४ आठवडे झाले, म्हणजे सुमारे १९ वर्षं साडेसात महिने, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. पहिल्यांदा हे ऑगस्ट १९९९मध्ये झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९च्या मध्यरात्री, आपल्याकडे तेव्हा ७ तारखेची पहाट होती. पुढचं नोव्हेंबर २०३८मध्ये. आपण कितव्या फेरीत आहोत हे यंत्रातल्या सॉफ्टवेअरला स्वतः ओळखावं लागतं. बनवणाऱ्याने ज्या तारखेपासून अंदाज बांधलेला असतो तिची मुदतही संपते, आणि ती प्रत्येक यंत्राची वेगळी असते. म्हणून काही गाड्यांची घड्याळं २०१९मध्ये चुकली नाहीत, पण जानेवारी २०२२मध्ये अचानक २००२वर गेली.

जागा बरोबर येते, कारण तिला आठवड्याच्या आतली वेळ लागते आणि ती ठीक आहे. इलाज एकच, बनवणाऱ्याने त्या यंत्रासाठी सुधारित फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलेलं असलं तर ते घालणं. भाग क्रमांक सांगून सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. नसेल काढलं, तर उपग्रहावरून तारीख घेण्याचा पर्याय सेटिंगमध्ये बंद करता येतो का ते पाहा आणि यंत्र निश्चिंत वापरा. या एका गोष्टीसाठी नवी स्क्रीन घेऊ नका.

प्रश्न : बाबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी मी एमपी३ करून पेनड्राइव्हवर घातल्या. गाडीत नावांऐवजी नुसते चौकोन दिसतात आणि पदं भलत्याच क्रमाने वाजतात. अपडेट केलं तर देवनागरी दिसेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फार चांगलं काम केलंत. चौकोन दिसतात म्हणजे गाडीला अक्षराचा क्रमांक मिळतोय, पण तिच्याकडे देवनागरीचा फाँटच नाही. फाँट सॉफ्टवेअरबरोबर येतो, त्यामुळे अपडेटने दिसू शकेल. मात्र अपडेटच्या माहितीत भारतीय भाषांचा उल्लेख नसेल तर त्या आशेवर करू नका. काही गाड्यांत अक्षरं दिसतात पण वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात, कारण फाँट असला तरी ती जुळवणारा भाग नसतो.

गाण्याच्या फाइलमध्ये नाव, गायक, नाटक ही माहिती टॅगमध्ये लिहिलेली असते. टॅग जतन करताना आयडी३ या टॅगच्या मांडणीची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा. जुन्या सिस्टीम तेच सर्वांत भरवशाने वाचतात. चौकोनांऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर टॅग जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले असतील, ते पुन्हा टाइप करावे लागतील. एवढं करूनही जमलं नाही, तर गाडीसाठी वेगळी प्रत काढून त्यात नावं रोमन अक्षरांत लिहा. मूळ संग्रह देवनागरीतच ठेवा.

क्रमाचं सोपं आहे. अनेक सिस्टीम नावाच्या क्रमाने नाही, तर फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला (ते मात्र इंग्रजी आकड्यांत) आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. शेवटचं ‘डॉट एमपी३’ पुसलं जाऊ देऊ नका. एवढ्याशा शेपटीने केवढं होतं पाहा : २०२२च्या सुरुवातीला अमेरिकेत सिॲटलमध्ये केयूओडब्ल्यू या रेडिओ केंद्राने प्रसारणाबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फाइलींना प्रकार सांगणारी अशी शेपटी नव्हती, तर ते केंद्र लावलेल्या २०१४ ते २०१७च्या माझदा गाड्यांच्या स्क्रीन बंद-चालू होत अडकूनच पडल्या.

प्रश्न : सगळं नीट चाललंय, तरी गाडी अपडेटचा निरोप दाखवते. न केलेलं बरं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निरोपाखाली काय बदललंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. नुसते नवे रंग आणि नवी चित्रं असतील तर थोडं थांबा, इतरांचे अनुभव येऊ द्या. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबू नका. जुलै २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी घरी बसून, मोबाइल नेटवर्कवरून, हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीच्या म्युझिक सिस्टीममध्ये शिरून दाखवलं. रेडिओ मोठा केला, एसी लावला आणि नंतर गाडीचा वेगच काढून घेतला. त्यानंतर कंपनीने अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला आणि मालकांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवले. नेटला जोडलेली स्क्रीन ही गाणी वाजवण्यापुरती उरलेली नाही. मात्र कुणीही दिलेला पेनड्राइव्ह लावू नका. फाइल कंपनीच्या साइटवरून किंवा गाडीच्या स्वतःच्या जोडणीवरून आलेली हवी.

प्रश्न : बाजारातून अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतली. ती हळू चालते. एकाने नवं अँड्रॉइड घालून देतो म्हणून फाइल पाठवलीय. घालू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको. अशा स्क्रीनमध्ये दोन सॉफ्टवेअर असतात : एक अँड्रॉइड आणि दुसरं एमसीयूचं, म्हणजे चावी, रिव्हर्स, स्टीअरिंगची बटणं आणि ॲम्प्लिफायर सांभाळणाऱ्या छोट्या चिपचं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्यांत चिप वेगळी असते. दुसऱ्या बोर्डाची फाइल गेली तर टच उलटा चालतो, आवाज जातो, किंवा स्क्रीन उठतच नाही. शिवाय त्यातल्या कितीतरी पेट्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडचा मोठा आकडा दाखवतात आणि आत जुनंच असतं. विकणाऱ्याकडेच जा, बिल दाखवा, ‘अबाउट’च्या पानावरचे दोन्ही क्रमांक द्या आणि त्याच बोर्डाची फाइल मागा. तोवर न वापरलेली ॲप काढा, जिवंत वॉलपेपर बंद करा. दोन जीबी रॅमवर एवढ्यानेही फरक पडतो.

प्रश्न : माझ्या २०१६च्या गाडीतलं ‘कनेक्टेड’ मेनू २०२२पासून बंद आहे. डीलर म्हणतो, सॉफ्टवेअरने होणार नाही. खरं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : खरं असण्याची शक्यता मोठी आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं, एटी अँड टीने फेब्रुवारीत, व्हेरायझनने वर्षअखेरीस. गाडीतला मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, थ्रीजीचा असेल तर त्याला बोलायला टॉवरच उरलेला नाही, आणि सॉफ्टवेअर घालून थ्रीजीचा मोडेम फोरजीचा होत नाही. तुमच्या गाडीच्या उत्पादकाने मोडेम बदलून देण्याची सोय ठेवली होती का, हे गाडीचा व्हिन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, देऊन विचारा. अपघात झाला की आपोआप मदत बोलावणारी सेवाही त्याच मोडेमवर असते. ती बंद आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ब्लूटूथ, रेडिओ, रिव्हर्स कॅमेरा आणि उपग्रहावर चालणारा नकाशा यांचा या मोडेमशी संबंध नाही, ते चालत राहतील.